रविवारचं वजन

१२ जानेवारी

वन्सं,

त्या दिवशी सकाळी मी आधी दूध तापवलं, मग अंडी उकडत ठेवली, केळं कुस्करून चाळणीतून काढलं, कारण त्यातले धागे तुमच्या दादांच्या घशाला लागायचे. सूप आदल्या दिवशीच केलं होतं, ते गाळून कोमट केलं. सगळं छोट्या वाट्यांत काढलं, झाकलं आणि ट्रे घेऊन आत गेले. त्यांनी ट्रेकडे पाहिलं आणि विचारलं, "अजून कोण कोण यायचंय जेवायला?" मग अंड्यातला पिवळा भाग नखाएवढा खाल्ला, दुधाचे दोन घोट घेतले आणि मला बरं वाटावं म्हणून "छान झालंय" म्हणाले. मी ट्रे बाहेर आणला, भांडी घासली, ओटा पुसला, दुकानाची किल्ली घेतली. दुपारी परत तेच.

तुम्ही लिहिलंत, 'दादा शेवटी शेवटी काय खात होता ते काही न लपवता लिही.' तर हे असं होतं. रोज असंच होतं, फक्त वाट्यांतलं बदलायचं.

तुमचं पत्र आलं म्हणून बरं वाटलं. तीन वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून सगळ्यांदेखत तुम्ही म्हणाला होतात, "हिने माझ्या भावाला उपाशी मारलं, मी हिच्याशी जन्मात बोलणार नाही." पत्र लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असा खुलासा तुम्ही पहिल्याच ओळीत केलाय. तो मला मान्य आहे.

भावजींचं, तुमच्या यजमानांचं, वाचून मात्र हात थांबला. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस. आमच्या लग्नात दोन्ही हातांत चार-चार खुर्च्या घेऊन फिरत होते, तेच माझ्या डोळ्यांसमोर आहेत. कॅन्सर पोटाचा आहे आणि पसरलाय, एवढंच तुम्ही लिहिलंत. डॉक्टर काय म्हणतात, भावजींना स्वतःला काय हवंय, यातलं काही नाही. वजनाचे आकडे मात्र चार महिन्यांचे दिलेत. त्यांचं मी काय करू ते कळवा.

तुमची,
वहिनी


२० जानेवारी

वहिनी,

आकडे दिले, कारण आकड्यांना लबाडी करता येत नाही. माझा बाप काटे दुरुस्त करायचा, भाऊ काटे दुरुस्त करायचा, आणि आता तू त्याच दुकानात बसतेस. आकड्यांचं काय करायचं हे तू मला विचारावंस?

माझ्या घरी दादाने स्वतः बसवून दिलेला काटा आहे. दर रविवारी आंघोळ झाली की मी ह्यांना त्यावर उभं करते. ह्यांना हल्ली फार थंडी वाजते, म्हणून लांब लोकरी कोट घालूनच उभे राहतात. तू लगेच म्हणशील, कोटाचं काय? कोट मी एकदा वेगळा तोलून ठेवलाय, तेवढं वजा करते. मला शिकवू नकोस.

तर ऐक. नोव्हेंबरात वजन भराभर उतरत होतं. तेव्हाच मी ठरवलं, दादाचं झालं ते माझ्या घरात होऊ द्यायचं नाही. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने खायला देते. नको म्हणाले तरी देते. तोंड फिरवलं तर मी चमचा घेऊन त्या बाजूला जाते. मग ते दुसरीकडे फिरवतात. आमचा पलंग भिंतीला लागून होता, तो मी मधे ओढून घेतलाय, म्हणजे दोन्हीकडून जाता येतं.

आणि डिसेंबरात वजन थांबलं. दर रविवारी तोच आकडा. गेल्या रविवारी तर वाढलं! मी काट्यासमोरच रडले. हे म्हणाले, "आता तरी तो चमचा खाली ठेव." डॉक्टरही खूश आहेत. म्हणाले, वजन इतकं छान टिकलंय तर शरीर सोसेल, एक मार्चपासून जास्त जोराचं औषध सुरू करू.

तुला लागावं म्हणून लिहीत नाही. पण खायला घातलं की माणूस टिकतो, हे काट्यावर दिसतंय. तुला ते जमलं नाही. असो.

एकच कळत नाही. वजन आहे, पण ह्यांना बरणीचं झाकण उघडत नाही. खुर्चीतून उठताना माझा खांदा लागतो. बाथरूममधलं स्टूल कोणीतरी बुटकं केलंय म्हणतात. आळस, दुसरं काय. निवृत्त झाल्यापासून अंगात मुरलाय.

तुझी नणंद


२८ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र मला लागलं नाही. म्हणजे लागलं, पण जुन्याच जागी. तिथे आता घट्टा पडलाय.

मी सातवीत शाळा सोडली, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं जे काही डोक्यात गेलं ते वाचनालयातून. तुमचे दादा आजारी होते तेव्हा मी या आजारावरची मिळतील ती पुस्तकं आणली. तिथल्या बाई म्हणायच्या, "अहो, एखादं हसरं पुस्तक न्या की." मी म्हणायचे, "हे संपलं की नेते."

त्यातून मला जेवढं समजलं तेवढं लिहिते, बाकीचं डॉक्टरांना विचारा. हा आजार असा वाढला की शरीर आपलेच स्नायू जाळायला लागतं. उपाशी माणूसही वाळतो, पण त्याला खायला दिलं की तो भरून येतो. इथे तसं होत नाही. खाल्लेलं पोटात जातं, पण दंडापर्यंत, मांडीपर्यंत पोचत नाही. घालणाऱ्याचा हात आखडला म्हणून नव्हे. शरीरानेच ते घेणं बंद केलेलं असतं.

आणि वजनाचं म्हणाल, तर काटा बिनचूक असला तरी तो फक्त किती ते सांगतो, काय आहे ते सांगत नाही. कधी कधी अंगात पाणी साचतं आणि वजन वाढलेलं दिसतं. मला तीच शंका येते आहे. भावजींच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून धरा आणि सोडा. खळगा पडून राहिला तर लगेच डॉक्टरांकडे जा.

खुर्चीतून उठता न येणं हा आळस नाही. रविवारच्या आकड्यापेक्षा ते बघा.

तुमची,
वहिनी


५ फेब्रुवारी

वहिनी,

दाबला अंगठा. दोन्ही पायांवर दाबला. हे म्हणाले, "काय, पिकलोय का बघतेस?" खळगा नाही, सूज नाही, पाणी नाही. पाय नुसत्या काड्या आहेत. तू तुझी पुस्तकं वाचनालयाला परत कर आणि ते हसरं घेऊन ये.

पण मग मीच विचारात पडले. पाय काड्या आणि वजन वाढलेलं, हे जुळेना. याचा अर्थ काटा चुकतोय. दादाने बसवलेल्या काट्यावर मी संशय घेतला, तोही तुझ्यामुळे, हे लक्षात ठेव.

काटा तपासायला खात्रीची वजनं लागतात. ती माझ्याकडे आहेत. लोक मुलीला लग्नात दागिने देतात, आमच्या बाबांनी मला पितळी वजनांची पेटी दिली. दोन किलो, एक किलो, अर्धा, पाव, प्रत्येकाला आत मखमलीचा खळगा. सासरी सगळे हसले होते. मी ती कपाटात वरच्या फळीवर ठेवलीय, दर महिन्याला वरून पुसते, उघडत नाही.

काल उघडली. आत एकही वजन नाही! चारही खळगे रिकामे, पेटीची कडी मात्र नीट लावलेली.

घरात चोर शिरला होता, वहिनी. चांदीची भांडी शेजारच्याच खणात, त्यांना हात लावला नाही. ह्यांचं घड्याळ समोर, ते नेलं नाही. फक्त वजनं नेली. असला कसला चोर? मी पोलिसात जायला निघाले, तर हे म्हणाले, "सोमवारपर्यंत थांब. चोराला पश्चात्ताप होईल." ह्यांना मेलं सगळ्यात विनोद सुचतो.

तुझ्या दुकानात तसली वजनं असतील तर पाठव. काटा तपासल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुझी नणंद


६ फेब्रुवारी

वहिनी,

चोर मी आहे.

हे पत्र मी बसून लिहितोय, आणि मला उठवायला कोणीतरी येईपर्यंत इथेच बसणार आहे. तेव्हा सगळं सविस्तर लिहायला वेळ आहे.

तुमची नणंद वाईट नाही. ती घाबरली आहे, आणि घाबरली की ती स्वयंपाक करते. नोव्हेंबरात दर रविवारी काटा उतरला की तिचा चेहरा उतरायचा आणि सोमवारपासून वाट्या वाढायच्या. मला गिळवत नाही. आता वासानेच मळमळतं. तिला ते सांगितलं की म्हणते, "मनाचे खेळ आहेत, आ करा." म्हणून एका रविवारी मी पाव किलोचं वजन कोटाच्या खिशात टाकलं. तिने कोट तोलून ठेवला होता, खिसे नव्हते तोलले. काटा जागच्या जागी राहिला. त्या दिवशी घरात इतकी शांतता होती की मला वाटलं, आपण बरे होतोय.

मग सवय लागली. मी उतरेन तसा माल वाढवत गेलो. अर्धा, मग एक. गेल्या महिन्यात घाईत चुकून एकाच्या जागी दोन किलोचं हातात आलं आणि माझं वजन वाढलं. ती रडली हो आनंदाने! आता ते खाली कसं आणू? तेव्हापासून तेवढं ओझं घेऊन पलंगापासून काट्यापर्यंत चालतो. दिवसाचा व्यायाम तोच.

दवाखान्यातही तोच कोट. तुमची नणंद शेजारी उभी असते आणि आकडा तिला पाठ असतो. परिणामी डॉक्टर खूश, आणि एक मार्चपासून जोराचं औषध. ते मला नको आहे. त्याने महिना दोन महिने मिळाले तरी ते अंथरुणात जातील, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मला सकाळी शाळेच्या मैदानाच्या कठड्यावर बसायचंय. पोरांची कवायत बघायची, आणि रांग वाकडी झाली की ओरडायचं. त्याला खुर्चीतून उठता यावं लागतं आणि एक रस्ता ओलांडता यावा लागतो. एवढीच माझी मागणी आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना उठाबशा काढायला लावल्या, आता मला एक उठ पुरे आहे. बस मला जमते.

पण औषध नको म्हणायचं तर वजनांचं सांगावं लागेल, आणि ते कळलं तर ती कोलमडेल. तिला वाटतंय तिने मला राखलंय.

तिला काही लिहू नका. आणि एक विचारायचं होतं. तुमच्या घरी शेवटी दादांनी काय मागितलं होतं?

तुमचा,
भावजी (सध्या फरार)


१२ फेब्रुवारी

भावजी,

मी वन्संना तुमच्याबद्दल काही लिहिणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही लिहिणार नाही. दुकानातून वजनं पाठवा म्हणाल्या आहेत, ती मी पाठवत नाहीये. म्हणजे त्या विचारणार.

त्यांना पाण्याची शंका घालून मी घोटे दाबायला लावले, त्याबद्दल तुमची क्षमा मागते. पुस्तकात खिशांबद्दल काही नव्हतं.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. त्या औषधाचं प्रमाण वजन बघून ठरवतात. तुम्ही पितळासकट उभे राहिलात तर पितळाच्या वाट्याचं औषधही तुमच्याच रक्तात जाणार. आधीच स्नायू गेलेल्या अंगाला ते फार जड जातं. हे गमतीचं राहिलेलं नाही. एक मार्चच्या आत वन्संना सांगा, आणि डॉक्टरांनाही. कसं सांगायचं ते मला विचारू नका. शेकडो मुलांना एका शब्दात उभं करणारे तुम्ही.

डॉक्टरांना हेही सांगा की तुम्हाला खुर्चीतून उठायचंय आणि मैदानावर जायचंय. असं स्पष्ट मागितलं तर तसला व्यायाम शिकवणारी माणसं असतात त्यांच्याकडे. आम्ही मागितलं नाही. आम्हाला वाटलं, एवढ्या मोठ्या आजारात असलं काय सांगायचं.

वन्संची काळजी करू नका. त्या कोलमडणाऱ्यांतल्या नाहीत. त्या चिडणाऱ्यांतल्या आहेत.

हे पाकीट त्यांच्या हाती पडलं तर पडू दे. वर तुमचं नाव आहे, मागे माझं. मी लपवून पाठवत नाही.

तुमची,
वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

पाकीट पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. मी ते फोडलं नाही. ह्यांना दिलं आणि समोर उभी राहिले. म्हटलं, "वाचा. माझी भावजय माझ्या नवऱ्याला पत्र लिहिते, तर मी निदान उभी राहते."

ह्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "कोट आण."

कोट आणला. ह्यांनी खिशातून एकेक काढून जेवणाच्या टेबलावर मांडलं. पाव, अर्धा, एक, दोन. उंचीप्रमाणे, सरळ रेषेत. मी म्हटलं, "चोर सापडला वाटतं." हे म्हणाले, "हजर आहे, बाई."

मी हसले नाही. ह्यांना धरून काट्यापाशी नेलं आणि नुसत्या पायजम्यावर उभं केलं. आकडा तुला लिहीत नाही. मला वाचता आला, तेवढं पुरे.

दुपारी ताट वाढलं, समोर ठेवलं आणि चमचा उचलला नाही. ह्यांना ते इतकं नवीन होतं की घाबरून दोन घास खाल्ले. संध्याकाळी खुर्चीतून उठवताना दंड धरला, तर माझा अंगठा आणि बोट एकमेकांना टेकले. लग्नानंतर पहिल्यांदा हा दंड धरला होता तेव्हा माझे दोन्ही हात पुरले नव्हते. इतके महिने मी ह्यांना कोटावरूनच धरत होते, वहिनी. खायला घालण्याच्या नादात माझं हात लावायचंच राहिलं.

डॉक्टरांकडे गेलो. वजनं पिशवीत घालून नेली, नाहीतर त्यांना खरं वाटलं नसतं. त्यांनी ती टेबलावर ठेवून एकेक उचलून बघितली. मग म्हणाले, "एक मार्चच्या आत आलात, हे बरं केलंत." जोराचं औषध रद्द. दुखण्यावरचं आणि मळमळीवरचं चालू ठेवायचं. व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. तिने खुर्चीच्या पायांखाली ठोकळे घालून खुर्ची उंच केलीय. ती "उठा" म्हणते. हे तिला म्हणतात, "आवाज पोटातून काढ, असल्या आवाजाला कोण उठेल?" आणि उठतात.

मी डॉक्टरांना विचारलं, एवढे महिने मी चमचा घेऊन दोन्हीकडून फिरले, ते सगळं गेलं कुठे? त्यांनी तेच सांगितलं जे तू लिहिलं होतंस, फक्त त्यांनी कागदावर चित्र काढलं. म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही नसतं केलं तरी असंच झालं असतं." घरी येईपर्यंत मी ते वाक्य डोक्यात फिरवत होते. ते काही माझ्या एकटीलाच लागू होत नव्हतं.

म्हणून मी थोरल्या काकूंना फोन केला. मग मामेबहिणीला. मग त्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात जे जे होते, आठवतील तेवढ्या सगळ्यांना. सांगितलं, दादा उपाशी गेला नाही. तुला सांगत नाही, कारण तुला माहीतच आहे.

दादाने शेवटी काय मागितलं, ते ह्यांनी विचारलं होतं म्हणे. तू लिहायचं टाळलंस. आता आम्ही दोघं विचारतोय.

तुझी नणंद


३ मार्च

वन्सं,

काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "अगं, तू त्याला उपाशी ठेवलं नव्हतंस म्हणे?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "बरं बरं." मग त्यांनी गुडघ्यांचं सांगितलं. मामेबहीण रडली. तिला समजावायला माझा अख्खा तास गेला, दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं. यापुढे कोणाला फोन करणार असाल तर रविवारी करा.

टाळलं हे खरं. ते फक्त माझ्याकडे होतं, म्हणून ठेवून घेतलं होतं.

एके दिवशी मी ट्रे घेऊन आत गेले तेव्हा तुमचे दादा म्हणाले, "तू दिवसभर आत येतेस आणि बाहेर जातेस. मला तुझी पाठच दिसते. ते खाली ठेव आणि बस." मी म्हटलं, "मग तुम्ही खाणार कधी?" ते म्हणाले, "खाण्याचं झालं माझं. आता बसण्याचं राहिलंय." मी बसले. काय बोलावं सुचेना, इतकी सवय गेली होती. त्यांनी पेपर दिला आणि छोट्या जाहिराती मोठ्याने वाचायला सांगितलं. जुना पंखा विकणे आहे, शिकवणीला मुलं हवीत, हरवलेलं मांजर. प्रत्येक जाहिरातीवर ते काहीतरी बोलायचे. हरवलेल्या मांजराबद्दल म्हणाले, "त्याच्याही घरी वाट्या फार असतील."

नंतर मी ट्रे नेला नाही. मागतील ते द्यायचे, एक चमचा मागितला तर एक चमचा. उरलेला वेळ जाहिराती. तुम्ही शेवटी आलात तेव्हा तुम्हाला स्वयंपाकघरात गॅस बंद दिसला आणि मी आत पेपर वाचताना दिसले. तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही बोललात.

ते दिवस आमचे चांगले गेले. हे लिहायला मला तीन वर्षं जागा नव्हती.

भावजींना मैदानावर न्या.

तुमची,
वहिनी


१९ एप्रिल

वहिनी,

नेलं. आता रोज नेते. रस्ता ओलांडायला आम्हाला इतका वेळ लागतो की गाडीवाले आधी हॉर्न देतात आणि मग ह्यांच्याकडे बघून गप्प बसतात. कठड्यावर उशी घालते, कारण हाडं टोचतात. पहिल्या दिवशी नुसते बसले. दुसऱ्या दिवशी मागची रांग वाकडी दिसली आणि हे असे काही ओरडले की नवीन शिक्षकसुद्धा ताठ उभे राहिले. मग धाप लागली, पण चेहरा बघायला हवा होतास.

येताना आइस्क्रीम मागतात. कधी अर्धी वाटी, कधी नुसतं चाटतात आणि मला देतात. मी जाड झालेय.

काटा मी गुंडाळून पलंगाखाली ठेवलाय. ह्यांचा रविवार मोकळा झाला. माझा नाही झाला. आंघोळ झाली की मी उगाच उभी राहते.

छोट्या जाहिराती आम्हीही सुरू केल्यात. मला तुझ्यासारखं वाचता येत नाही असं ह्यांचं म्हणणं आहे. ह्यांनी तुला वाचताना कधी ऐकलं, ते विचार.

तुझी नणंद


३० जून

वहिनी,

हे मंगळवारी गेले.

शेवटचे पंधरा दिवस उठता आलं नाही. मैदान बंद. मग मी खिडकी उघडी ठेवायचे, म्हणजे लांबून शिट्टी ऐकू यायची. दुखणं औषधाने आटोक्यात होतं. मी जवळ बसलेली होते, हातात काही नव्हतं. वाटी नाही, चमचा नाही. त्यांचा हात होता.

घर माणसांनी भरलंय. जो तो डबा घेऊन येतोय आणि मला म्हणतोय, "दोन घास खा." काकू तर ताट घेऊन माझ्यामागे फिरतात. मी तोंड फिरवलं की त्या बाजूला येतात. ह्यांना काय वाटायचं ते मला आता कळलं. सांगायला ते नाहीत.

तुला फोन लावणार होते. आकडे दाबले आणि ठेवून दिला. जन्मात बोलणार नाही असं मी म्हणाले होते, ते राहू दे. फोनवर मला बोलता येणार नाही, एवढंच कारण आहे.

परवा सगळे जातील. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठेन आणि घरात मीच असेन. तिथून पुढचं मला काही दिसत नाही. दादा गेला तेव्हा मी तुझ्याकडे पाठ फिरवून निघून गेले. तू मागे एकटी काय केलंस ते मी कधी विचारलं नाही. आता विचारते. आम्ही सगळे गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी तू काय केलंस?

तुझी नणंद


४ जुलै

वन्सं,

भावजींसाठी काय लिहू? त्यांच्या पत्रावर त्यांनी 'फरार' अशी सही केली होती, ते पत्र मी जपून ठेवलंय.

तुम्ही रडत असाल तर रडा आणि चिडत असाल तर काकूंवर चिडा, त्यांना चालतं. जे गिळवत नाही ते गिळू नका. मी शनिवारी दुकान बंद करून येते. चार दिवस राहीन. स्वयंपाक तुम्ही करायचा नाही आणि मीही विचारणार नाही. बोलायचं नसेल तर बोलू नका, मी वाचत बसेन.

विचारलंत म्हणून सांगते. त्यात शिकण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला उठले आणि दुकान उघडलं. घरात थांबवेना. टेबलावर एका किराणा दुकानदाराचा काटा उघडा पडला होता, तुमच्या दादांनी आजारी पडण्याआधी खोललेला. तोवर मी दुकानात नुसती गिऱ्हाइकांशी बोलायला बसायचे, दुरुस्तीतलं मला फारसं येत नव्हतं. मी तो पुढ्यात ओढला आणि एकेक भाग लावून बघत बसले. लोक दारावरून जाताना थांबत, आत बघत आणि पुढे जात. दुपारी मला भूक लागली. भूक लागली याचाच मला राग आला, म्हणून थोडा वेळ तशीच बसले. ती गेली नाही. मग मी हात धुतले, कोपऱ्यावरून पाव आणि बटाट्याची भाजी आणली, दुकानातच बसून सगळं खाल्लं, आणि परत काटा हातात घेतला.